पोट उघडून पाहण्याच्या काळापासून

चंद्रपूरच्या वीज केंद्राची वसाहत म्हणजे ऊर्जानगर. आज तिथे मुलीची पाळी दोन-तीन महिने लांबली, की ‘पीसीओडी तर नाही ना?’ हा प्रश्न घरात सहज निघतो. पलीकडच्या गडचिरोलीत चाळीस वर्षांपूर्वी बायकांच्या अशा दुखण्यांची साधी मोजणीही झालेली नव्हती.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग या डॉक्टर दांपत्याने ती केली. वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रिया त्यांनी तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले आकडे हादरवणारे होते: ९२ टक्के जणींना स्त्रीरोग, एकेकीला सरासरी ३.६. पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के! सरकारी आरोग्यसेवेला तोवर बाई दिसायची ती बाळंतपणात, नाहीतर कुटुंबनियोजनाच्या शिबिरात.

त्या आजारांतला निम्मा भाग जंतुसंसर्गाचा. पीसीओडीची, म्हणजे बीजकोशाच्या विकाराची, कथा वेगळी. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात रुग्णांच्या आधारे तो मांडला. पोट उघडून बीजकोशाचा तुकडा कापून काढल्यावर सातही जणींची पाळी परतली, दोघींना दिवस गेले. पुढे रक्ततपासणी आली, सोनोग्राफी आली. २००३ मध्ये रॉटरडॅमला निकष ठरले: अनियमित बीजमोचन, पुरुषी हार्मोनचा अतिरेक, सोनोग्राफीत बारीक पुटिकांनी भरलेला दिसणारा बीजकोश, यांपैकी कोणतेही दोन, तेही थायरॉइडसारखी कारणे वगळून.

सोनोग्राफी हा यातला एकच निकष. म्हणून कोवळ्या मुलीला आधी सोनोग्राफीला पळवणे उलटेच. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झाली नसतील, तर या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, असे २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.