कौटुंबिक वकिली, बेंगळुरूतील

विवाह, घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, दत्तक, वारसा आणि वाटणी या बाबतींत बेंगळुरू शहरात चालणारा वकिली व्यवसाय. पुस्तकात हे विषय निरनिराळ्या अधिनियमांखाली विभागलेले असतात. मुरलेल्या वकिलाच्या कचेरीत मात्र ते बहुधा एकाच घरातून, एकापाठोपाठ एक येतात. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ नुसार सुनावणी बंद दालनात होते व तिचा मजकूर छापण्यास मनाई आहे. वकिलाला जाहिरात करता येत नाही. परिणामी या व्यवसायाचा लिखित इतिहास म्हणजे मुख्यतः वरिष्ठ न्यायालयांचे छापील निकाल, आणि त्यांत जमीनजुमल्याचे पारडे जड.

पूर्वतयारी : कायद्याची पदवी, राज्य बार कौन्सिलची सनद, मग ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली शहरात नॅशनल लॉ स्कूलचे वर्ग १९८८ मध्ये सुरू झाले. तेथील पदवीधरांचा ओढा कंपनी-कायद्याकडे अधिक.

न्यायालय : दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी १९८४ च्या अधिनियमाने कौटुंबिक न्यायालये आणली. बेंगळुरूचे न्यायालय सिद्धय्या रस्त्यावरील ‘न्याय देगुल’ या इमारतीत भरते. याच १९८४ च्या अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे येथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी परवानगीचा अर्ज करावा लागतो. न्यायाधीशाने आधी समेटाचा प्रयत्न करावा, असे कलम ९ सांगते. १ जानेवारी २००७ रोजी सुरू झालेले मध्यस्थी केंद्रही याच इमारतीत आहे. वकिलामुळे तडजोड लांबते की नीट कागदावर येते, याविषयी मतभेद आहेत. परस्परसंमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांची मुदत ‘अमरदीप सिंग’ (२०१७) निकालानंतर माफ होऊ शकते. पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र देण्याचा दंडक ‘रजनेश विरुद्ध नेहा’ (२०२०) या मूळच्या नागपूरच्या प्रकरणातून आला.

वारसा व वाटणी : जुन्या म्हैसूर संस्थानाने १९३३ मध्येच हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा कायदा केला. कुटुंबाची वाटणी होताना अविवाहित मुलीला भावाच्या हिश्श्याच्या एक चतुर्थांश भाग या कायद्याने दिला. बेळगाव, धारवाड व विजापूर हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथे हा कायदा नव्हता. म्हणून जुन्या मिळकतीच्या दाव्यात वकिलाचा पहिला प्रश्न असतो, गाव १९५६ पूर्वी कोणत्या राज्यात होते?

पुढचा टप्पा १९९४ चा. मुलीला जन्माने सहदायाद (एकत्र मिळकतीची वाटेकरी) मानणारी दुरुस्ती महाराष्ट्रात २२ जून व कर्नाटकात ३० जुलै १९९४ पासून लागू झाली. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. त्यामुळे जपून ठेवलेली लग्नपत्रिका हा पुरावा झाला. पहाणी (म्हणजे कर्नाटकातला सातबारा) आणि वंशवृक्षाचा दाखला यांच्या शेजारी ती फाइलीत लागू लागली. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून लग्नाची ही अट गेली. तिच्या जागी वडिलांच्या मृत्यूच्या तारखेचा वाद आला. बेळगावच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेल्या ‘प्रकाश विरुद्ध फूलवती’ दाव्यात वडील १९८८ मध्येच वारले होते. काल्पनिक वाटणी धरून खालच्या न्यायालयाने काही मिळकतींत मुलीला १/२८ हिस्सा दिला. तिची मागणी १/७ ची होती. उच्च न्यायालयाने नव्या कायद्याचा लाभ दिला. सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी तो काढून घेतला : ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप व लेक दोघेही हयात हवेत. ‘दानम्मा’ (२०१८) या दुसऱ्या कर्नाटकी प्रकरणात वडील २००१ मध्ये वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. दोन निकालांचा मेळ बसेना. अखेर ‘विनीता शर्मा’ खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी हक्क जन्मानेच येतो, बाप हयात असण्याची गरज नाही, असे ठरवून ‘फूलवती’ रद्द ठरवला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या सुरक्षित राहिल्या. आजचे बरेच दावे ‘रीतसर’ या एका शब्दावर लढले जातात.

भावा-बहिणींची वाटणी कौटुंबिक न्यायालयात चालत नाही, सिटी सिव्हिल कोर्टात चालते. बेळगाव भागातील अपिले जुलै २००८ पासून उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जातात; त्यापूर्वी बेळगावच्या मराठी कुटुंबालाही बेंगळुरूचाच वकील गाठावा लागे.

परदेशस्थ पक्षकार : माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे हे काम वाढले. परदेशी न्यायालयाचा घटस्फोट येथे केव्हा मान्य होतो, याचे निकष ‘नरसिंह राव’ (१९९१) प्रकरणात आहेत. मुलांच्या आंतरराष्ट्रीय पळवणुकीसंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. ताब्याचा निर्णय मुलाच्या हितावर होतो.

शुल्क : ठरीव दर नाही. निकालावर अवलंबून टक्केवारी घेणे नियमबाह्य.

दत्तक : बालन्याय अधिनियमाखालील आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. वकिलाकडे उरले ते १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाखालील नोंदणीकृत दत्तकपत्र.