आबालाल यांचा रंकाळा आणि आपल्याकडची निसर्गचित्रे

आमच्या काकतीचे नाव इतिहासात येते ते कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर म्हणून. त्यामुळे गड, लढाया, वतने, शिलालेख यांवर आपल्याकडे पुष्कळ बोलणे होते. चित्रांवर फारसे कुणी बोलत नाही, आणि त्यातही निसर्गचित्र म्हटले की "छान आहे, दिवाणखान्यात शोभेल" एवढ्यावर विषय मिटतो. माझे म्हणणे असे की निसर्गचित्र हासुद्धा दप्तरातल्या कागदासारखाच एक कागद आहे, फक्त तो वाचायची सवय आपल्याला नाही.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण कोल्हापूरचे आबालाल रहिमान. काकतीहून महामार्गाने निपाणी ओलांडून दोन-अडीच तासांत त्यांच्या गावी पोचता येते. घराणे कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणारे, म्हणजे हाताला वळण घरातच लागलेले. १८८०च्या दशकात ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथे व्हॉइसरॉयचे पदक मिळवले, आणि मग सरळ कोल्हापूरला परतले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. १९३१ च्या डिसेंबरात ते वारले. मधली सगळी वर्षे कोटितीर्थाचा परिसर, पंचगंगेचा घाट आणि रंकाळा, एवढ्यातच गेली म्हटले तरी चालेल.

आता रंकाळ्यातला संध्यामठच घ्या. तळ्यातली ही दगडी वास्तू पावसाळ्यात पाण्यात जाते आणि पाणी ओसरले की वर येते. आबालाल यांनी ती पुन्हा पुन्हा रंगवली. एकच जागा, पण सकाळची वेगळी, तिन्हीसांजेची वेगळी. तिकडे फ्रान्समध्ये क्लोद मोने गवताच्या गंजी आणि रुआँचे चर्च असेच वेगवेगळ्या उजेडात रंगवत होता, साधारण त्याच काळात. काहीजण लगेच आबालालना "आपला मोने" करून टाकतात. मला ते पटत नाही. मोठेपणासाठी पॅरिसचा दाखला कशाला हवा? रोज त्याच तळ्याकाठी बसणाऱ्या माणसाला उजेड बदललेला दिसणारच, त्याला तो कागदावर धरता आला हे खरे.

दुखणे वेगळेच आहे. आबालाल यांची चित्रे हजारोंनी होती असे सांगतात, पण आज हाताशी आहेत ती फार थोडी. काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहायला मिळतात. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये निघाली. अशा प्रदर्शनात चित्र लागले की चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव आणि साल छापील यादीत येते. चित्र हरवले तरी नोंद उरते. आबालाल त्या धबडग्यापासून लांबच राहिले. त्यांची आठवण टिकली ती माधवराव बागलांसारख्या चित्रकार-लेखकांनी त्यांच्याविषयी लिहिले म्हणून. म्हणून मला प्रदर्शन ही नुसती मिरवण्याची गोष्ट वाटत नाही. गावपातळीवरचे प्रदर्शनसुद्धा एक दप्तर तयार करत असते.

कोल्हापुरातली ही निसर्गाची ओढ पुढेही राहिली. सिनेमात नाव कमावलेले चंद्रकांत मांडरे निसर्गचित्रांत तितकेच रमले, आणि त्यांची चित्रे राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात एकत्र राहिली. म्हणजे जपायचे ठरवले तर जपता येते.

बेळगावात हे काम के. बी. कुलकर्णी सरांनी शिकवण्यातून केले. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. टिळकवाडीत वरेरकर नाट्यसंघाचे कलादालन आज कुलकर्णी सरांच्याच नावाने आहे, आणि आपल्या भागातले चित्रकार तिथे चित्रे मांडतात. मी अशा प्रदर्शनांना जातो तेव्हा पाण्याने ओला रस्ता, भाताची खाचरे, कौलारू घर असे बरेच काही दिसते. खाली पाटी असते "निसर्ग" किंवा "सकाळ". कुठली सकाळ? कुठल्या गावची? मार्कंडेय नदीचा काठ असेल तर कुठल्या बाजूचा? चित्रकाराला विचारले की तो बसल्या जागी सगळे सांगतो, झाडाचे नावसुद्धा. पण कागदावर त्यातले काहीच नसते, आणि चित्र विकले गेले की ते सांगणेही त्याच्याबरोबर जाते.

काकतीचा डोंगर, त्यावरचा पडका गड, खालची शेते हे महामार्ग रुंद होण्याआधी कसे दिसत होते, हे मला आज कुणाच्या तरी घरातल्या जलरंगातूनच कळू शकेल. तेव्हा माझी विनंती साधी आहे. घरात असे जुने चित्र असेल तर उजेडात धरून मागची बाजू बघा, सही, साल, दुकानाचा शिक्का जे असेल ते उतरवून घ्या. आणि आज चित्र काढणाऱ्यांनी मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात: जागा, तारीख, आणि तोंड कुठल्या दिशेला होते. शाई नको, ती पुढे झिरपते.