छंदाची नोंद कोण ठेवतं? दिघी, कोरीवकाम आणि दफ्तर

समजा, तुम्ही संशोधनासाठी असा प्रश्न घेतलात: रायगड किनाऱ्यावरच्या दिघीसारख्या गावात लोक फावल्या वेळात एकत्र बसून लाकडावर कोरीवकाम करायचे का? प्रश्न साधा वाटतो. पण कागद शोधायला लागलं की पहिली अडचण कळते. दफ्तरात धंदा सापडतो, छंद सापडत नाही.

दिघी राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. १९४८ पर्यंत हा भाग जंजिरा संस्थानात होता. म्हणजे सुरुवात १८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरपासून आणि जुन्या जनगणनांपासून करायची. १९०१ च्या जनगणनेत माणसाचा मुख्य व्यवसाय, जोडव्यवसाय आणि अवलंबून असणाऱ्यांच्या उपजीविकेचं साधन विचारलं होतं. तिन्ही रकाने पोटापाण्याचे. दिवसा होडीवर जाणारा आणि संध्याकाळी पटाशी घेऊन पाटावर वेल कोरणारा कुणी असेल, तर तो तिथे फक्त मच्छीमार. ही नोंद खोटी नाही, तिला विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

आता हेच काम दोन ठिकाणी कसं नोंदवलं गेलं ते बघा. इंग्लंडमध्ये १८८४ साली होम आर्ट्स अँड इंडस्ट्रीज असोसिएशन सुरू झाली. कामकरी लोकांनी संध्याकाळचा वेळ चांगल्या कामात घालवावा, म्हणून गावोगावी वर्ग भरायचे. त्यात लाकडी कोरीवकाम फार लोकप्रिय होतं. लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये प्रदर्शनं व्हायची. प्रदर्शन आलं की यादी आली, नावं आली, वर्तमानपत्रातली बातमी आली. त्यामुळे तिथल्या हौशी हातांचा इतिहास आज लिहिता येतो.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९१ साली रे वर्कशॉप्स सुरू झाल्या. तिथेही लाकडी कोरीवकाम होतं, पण हेतू वेगळा होता: देशी कारागिरी टिकवायची आणि शिकाऊ मुलांना हस्तव्यवसायात तयार करायचं. तिकडे जी करमणूक, ती इकडे ‘कलाउद्योग’. साहजिकच इथल्या कागदांत कारागीर दिसतो, हौशी माणूस दिसत नाही.

मग आपल्याकडे हौस नव्हतीच का? होती की! हौशी रंगभूमीचंच उदाहरण घ्या. राज्य नाट्य स्पर्धेमुळे संस्था, प्रवेशिका, निकाल अशी कागदांची रांगच तयार झाली. हौशी कोरीवकामाच्या मागे असं काही उभं राहिलं नाही. म्हणजे छंद कागदावर उतरायला नुसती आवड पुरत नाही, वही ठेवणारी संस्था लागते.

म्हणून दिघीत काम करायचं तर आधी वह्या शोधा. गणेशोत्सव मंडळ, वाचनालय, देवस्थान, क्रीडा मंडळ यांचे जमाखर्च आणि स्मरणिका बघा. मखरासाठी लाकूड, खिळे, पॉलिश एवढा खर्च लिहिलाय आणि मजुरी लिहिलेली नाही, तर थांबा. ते काम कुणीतरी बिनपैशाने केलं असण्याची शक्यता आहे. मग विचारायचं: कुणी केलं? किती जण बसायचे? हत्यारं कुणाची? शिकवलं कुणी? सुताराच्या घरात शिकलेला आणि हौसेने शिकलेला एकाच पडवीत बसत होते का? बायकांना पटाशी हातात मिळायची का?

त्यानंतर वस्तू. पाट, चौरंग, देव्हारा, करंजीचा साचा. मागची बाजू उलटून बघा. फळीला जुन्या खिळ्याचं भोक असेल, तर ते लाकूड आधी दुसऱ्या कामात वापरलेलं आहे. नक्षी एका टोकाला दाटलेली असेल, तर आखणी करताना अंदाज चुकलेला असू शकतो. यातलं काहीही एकट्याने पुरावा ठरत नाही. वस्तू, वही आणि आठवण, तिघींचं जुळलं तरच विधान करायचं.

प्रबंधात इथेच तोल सांभाळावा लागतो. नोंद नाही म्हणजे घडलं नाही, असं म्हणता येत नाही. पण नोंद नाही म्हणून ‘गावात पूर्वी घरोघरी कोरीवकाम चालायचं’ असंही लिहिता येत नाही. दुसरी चूक जास्त गोड असते, कारण ती गावाला आवडते.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. जुनी घरं पाडली जाताहेत, जुनं लाकूड विकलं जातंय आणि आठवणारी माणसं थकली आहेत. गॅझेटियर पुढच्या वर्षीही वाचता येईल. पडवीतल्या आजोबांशी आधी बोला.