पेल एल, उधारी आणि एक एक्सेल शीट

गेल्या शनिवारी आमच्या घरी टेस्टिंग झालं. कोडचं नाही, बिअरचं!

सध्या मी ऑनसाईट आहे. पूर्व लंडनमधल्या ‘बो’ नावाच्या भागात राहतो. पिणारे आम्ही चौघं, आणि रूममेट अजिबात न पिणारा. त्यामुळे दुकानातून चार वेगवेगळ्या पेल एल आणणं, बाटल्यांना पेपर गुंडाळणं, नंबर टाकणं आणि ओतणं ही सगळी कामं त्याच्याकडे. मी एक्सेल शीट तयार ठेवली होती. बिअर स्पर्धांचे परीक्षक वापरतात तीच ५० मार्कांची पद्धत: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडात लागणारा भरीवपणा ५ आणि एकूण मत १०. म्हणजे एकदम शिस्तीत काम.

घोळ एकच झाला. ओतायच्या आधी मी भाषण ठोकलं. “इंग्लंडहून भारतात जायला बोटीला चार ते सहा महिने लागायचे. केप ऑफ गुड होपला वळसा, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, वाटेत बिअर आंबट व्हायची. मग इथल्याच बो गावच्या जॉर्ज हॉजसनने डोकं लढवलं, हॉप्स आणि अल्कोहोल दोन्ही वाढवलं आणि इंडिया पेल एल जन्माला आली. खास आपल्या भारतासाठी, बरं का!”

तीन नंबरचा ग्लास आला. कडवट, संत्र्याच्या सालीसारखा वास. चौघंही एका सुरात म्हणालो, “हीच ती बोटीवरची!” सरासरी ४१. दोन नंबरची मवाळ, थोडी मातकट, चहासारखी. तिला २८.

रूममेटने पेपर काढले. तीन नंबरची निघाली अमेरिकन पद्धतीची साधी पेल एल. आणि २८ मार्कवाली होती जुन्या इंग्लिश वळणाची इंडिया पेल एल, लेबलवर चक्क जहाजाचं चित्र! रूममेट शांतपणे म्हणाला, “अरे, बाटल्या झाकल्यास, पण तोंड उघडं ठेवलंस.”

लागलं मनाला. रविवारभर वाचत बसलो, आणि माझ्या भाषणातली बरीचशी वाक्यं एकेक करून फेल झाली.

मार्टिन कॉर्नेल नावाच्या बिअर-इतिहासकाराने जुन्या जाहिराती आणि नोंदी उकरून ही दंतकथा खोडून काढली आहे. कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात पेल एलची जाहिरात १७८४ मध्येच दिसते, आणि तिच्यात हॉजसनचं नावही नाही. गरम देशात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घाला, हा सल्ला १७६० च्या दशकातच ब्रुअर्सना मिळत होता. म्हणजे शोध वगैरे काही नाही. सगळी बिअर वाटेत नासायची हेही खोटं, कारण काळी पोर्टर बिअरही बोटीने भारतात व्यवस्थित पोचायची आणि गोरे शिपाई ती पीत. पेल एल होती मुख्यतः साहेब लोकांची. आणि ती त्या काळाच्या मानाने फार कडकही नव्हती.

मग हॉजसन जिंकला कसा? उत्तर वाचून मला हसूच आलं. लोकेशन आणि उधारी! त्याची ब्रुअरी ली नदीकाठी, आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची ती ब्लॅकवॉलची गोदी तिथून जेमतेम दोन मैलांवर. जहाजाचे कप्तान स्वतःचा खासगी माल नेऊन भारतात विकायचे. त्यांना हॉजसन दीड वर्षापर्यंत उधारी द्यायचा. कोण नाही म्हणेल? त्यात त्याची ‘ऑक्टोबर बिअर’ मुळातच तळघरात मुरवून प्यायची. बोटीच्या उबेत आणि हेलकाव्यांत ती काही महिन्यांतच मुरली. ज्या प्रवासाने बिअर बिघडते असं मी सांगत होतो, त्याच प्रवासाने ती सुधारली.

पुढे १८२० च्या सुमारास हॉजसनच्या वारसांनी ‘आज रोख उद्या उधार’ची पाटी लावली, भाव वाढवले आणि स्वतःच माल पाठवायला लागले. कंपनीवाले वैतागले. १८२२ मध्ये कंपनीच्या एका डायरेक्टरने बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला तशीच बिअर बनवायला सुचवलं. जबर आयात करामुळे ऑलसॉपचा रशियातला धंदा बसला होता, त्याला नवं गिऱ्हाईक हवंच होतं. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे कडवटपणा जास्त स्वच्छ लागतो. हॉजसनची मक्तेदारी संपली. आणि ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव १८२९ मध्ये छापलेलं दिसतं ते कुठे? सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत!

मग तीन नंबरचा तो संत्र्याचा वास? तो कॅस्केड या हॉप्सच्या जातीचा. अमेरिकेत ओरेगनमध्ये तयार झालेली ही जात १९७२ मध्ये बाजारात आली, आणि १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाने तिच्या जोरावर पेल एल गाजवली. आम्ही ज्याला बोटीची चव म्हणून ४१ मार्क दिले, ती चव कुठल्याही शिडाच्या बोटीने कधी वाहिली नव्हती.

संध्याकाळी ली नदीपर्यंत चालत गेलो. हॉजसनची ब्रुअरी १९३३ मध्ये पाडली, तिथे सरकारी घरं झाली. गॅलरीत कपडे वाळत होते.

खरं सांगायचं तर ती गोष्ट मला आवडायची, कारण तिच्यात ‘इंडिया’ होतं. परदेशात एकटं राहताना बाटलीवर आपल्या देशाचं नाव दिसलं की उगाच बरं वाटतं. पण त्या नावातला इंडिया म्हणजे साहेबांची बाजारपेठ. आपण तिथे फार तर पेट्या उतरवणारे होतो.

असो. येत्या शनिवारी त्याच चार बाटल्या पुन्हा, नंबर बदलून. भाषण मार्क भरून झाल्यावर. शीटमध्ये एक नवा कॉलमही टाकलाय: ‘ओतण्याआधी कोणी काय सांगितलं?’

रूममेट म्हणतो, तो कॉलम फक्त तुझ्यासाठी आहे.