थंड आया आणि मक्याच्या ओळी

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या गावातून बाल्टिमोरला एक पत्र गेलं. टाइप केलेलं, तेहतीस पानांचं. लिहिणारा वकील होता आणि विषय त्याचा पाच वर्षांचा मुलगा, डॉनल्ड ट्रिप्लेट. मुलगा एकटाच रमतो, कोण आलं-गेलं याकडे लक्ष देत नाही, वस्तू गरगर फिरवत बसतो, पण पाठांतर अफाट. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला चौथं वर्ष पूर्ण व्हायच्या आधीच घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं. वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणलं.

पत्र पोचलं ते लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाकडे. १९४३ साली कॅनरने अकरा मुलांवर निबंध लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. त्यातला पहिला डॉनल्ड. ऑटिझम ही स्वतंत्र अवस्था म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली ती या निबंधामुळे. (रशियात ग्रुन्या सुखारेवाने १९२५-२६ मध्येच अशा मुलांची वर्णनं लिहून ठेवली होती, पण तिला कोणी फारसं वाचलंच नाही.)

या मुलांमधला वेगळेपणा जन्मजात असावा, असं कॅनरने स्पष्ट लिहिलं. पण त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण होतं: यांचे पालक खूप शिकलेले आहेत आणि त्यांच्यात खरी मायेची माणसं थोडीच. आता, १९३८ साली बाल्टिमोरच्या मोठ्या डॉक्टरपर्यंत पोचणार कोण आणि तेहतीस पानं लिहिणार कोण? शिकलेलेच ना! पण हा साधा प्रश्न मागे पडला आणि दुसरं निरीक्षण मात्र वाढत गेलं. १९४९ पर्यंत कॅनर स्वतःच फ्रिजची उपमा देऊ लागला. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्द रूढ झाला. १९६७ साली ब्रुनो बेटलहाइमने ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकात आईवरचा आरोप आणखी ठाम केला आणि ते पुस्तक गाजलं.

म्हणजे विचार करा. मूल बोलत नाही, रात्र रात्र झोपत नाही आणि डॉक्टर उपचार कुणावर करणार, तर आईवर! बापाचं नाव त्या शब्दात कुठेच नाही, हेही लक्षात घ्या.

हे मोडून काढलं मुख्यतः पालकांनीच. बर्नार्ड रिमलंड हा अमेरिकन नौदलात काम करणारा मानसशास्त्रज्ञ. त्याच्या मुलाला ऑटिझम होता. त्याने सापडेल तेवढं संशोधन वाचून काढलं आणि १९६४ साली पुस्तक लिहून दाखवलं, की कारण शरीरात आहे, आईच्या वागण्यात नाही. त्या पुस्तकाला प्रस्तावना खुद्द कॅनरची! १९६९ साली पालकांच्या सभेत कॅनरने त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकल रटर यांनी एकवीस जुळ्यांचा अभ्यास छापला. अकरा एकसारख्या जोड्यांपैकी चारांमध्ये दोघांनाही ऑटिझम होता, दहा भिन्न जोड्यांपैकी एकीतही नाही. आनुवंशिकतेकडे बोट दाखवणारा हा पहिला भक्कम पुरावा.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांत त्याला जागा मिळाली. मराठीत मात्र आपण ‘स्वमग्न’ म्हणतो. मला हा शब्द खटकतो; त्यात थोडी तक्रार ऐकू येते. आणि ‘आईने मोबाइल हातात दिला म्हणून झालं’ हे वाक्य ज्या सहजतेने बोललं जातं, त्यात जुना फ्रिज अजून चालूच आहे.

डॉनल्डचं काय झालं? १९४२ साली त्याला गावाजवळच्या लुईस नावाच्या शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. कॅनर तिथे जाऊन आला आणि त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलं. मुलाला मोजमापाचं वेड, म्हणून लुईसनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते सांगायचं काम दिलं. तो मेलेले पक्षी-किडे गोळा करायचा, तर त्यांच्यासाठी दफनाची जागा दिली. तिथे त्याने एका गोगलगाईच्या नावापुढे लुईस हे आडनावही लावलं. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर म्हणाले, नांगरताना मोज. तो नांगरत गेला, घोडा नीट वळवत गेला. त्याचं वेड काढून टाकायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत.

पुढे डॉनल्ड पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी एकटा फिरला आणि २०२३ साली, ८९ व्या वर्षी गेला. बँक घरचीच होती, हे सांगायलाच हवं. गावात त्या घराचा शब्द चालायचा. त्यामुळे त्याला चिडवणाऱ्यांपेक्षा सांभाळून घेणारे जास्त मिळाले. १९७१ साली कॅनरने त्या अकरा जणांचा पुन्हा शोध घेतला. ज्यांचं आयुष्य सरकारी मनोरुग्णालयांत गेलं होतं, त्यांच्या लहानपणीच्या पाठांतराची, हुशारीची चमक त्याला कुठेच सापडली नाही.