‘क्लास सापडला नाही’: टेस्ट अ‍ॅप उघडताच बंद का पडतं आणि दोष कुठे शोधायचा

एखाद्या अ‍ॅपच्या बीटा प्रोग्रामला तुम्ही नाव दिलेलं असतं. नवीन अपडेट येतं, आयकॉनवर टॅप करता, क्षणभर पांढरा स्क्रीन दिसतो आणि अ‍ॅप बंद. किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट घ्या. केबल लावून अँड्रॉइड स्टुडिओमधून चालवला तर मस्त चालतो, पण परीक्षकांना द्यायची रिलीज एपीके पहिल्याच स्क्रीनवर मान टाकते. अशा वेळी लॉगमध्ये दोन नावं वारंवार भेटतात: ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’ आणि ‘नोक्लासडेफफाउंडएरर’.

दोन्हींचा ढोबळ अर्थ एकच. चालू असलेल्या अ‍ॅपला कोडचा एक तुकडा, म्हणजे एक क्लास, हवा होता आणि तो मिळाला नाही. गंमत अशी की तो क्लास बहुतेक वेळा कुणीतरी लिहिलेला असतो, अगदी व्यवस्थित. नसता तर कंपायलरनेच आधी अडवलं असतं. म्हणजे तो कोड आणि फोन यांच्यामधल्या प्रवासात कुठेतरी गळालेला असतो. म्हणून कोड पुन्हा पुन्हा वाचत बसण्यापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर गळाला हे शोधलं तर काम लवकर होतं.

हा प्रवास थोडक्यात असा. कॉटलिन किंवा जावामधला कोड आधी कंपाइल होतो. मग त्याचं ‘डेक्स’ नावाच्या फाइलमध्ये रूपांतर होतं. रिलीज बिल्डमध्ये याच टप्प्यावर ‘आर८’ नावाचं टूल नको असलेला कोड छाटून टाकतं. डेक्स फाइल्स एपीकेमध्ये भरल्या जातात आणि शेवटी फोनमधलं ‘एआरटी’ त्यातून एकेक क्लास गरजेप्रमाणे उचलतं. ‘गरजेप्रमाणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. क्लास गायब असला तरी त्याची गरज पडेपर्यंत अ‍ॅप बिनधास्त चालतं. त्यामुळे कधी अ‍ॅप उघडताच पडतं, तर कधी फक्त ‘पेमेंट’ बटण दाबल्यावर.

आधी लॉग नीट वाचा

क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन येतं तेव्हा कुणीतरी क्लास नावाने मागितलेला असतो. म्हणजे क्लासचं नाव एका स्ट्रिंगमध्ये किंवा मॅनिफेस्टमध्ये होतं आणि त्या नावाचं काहीच मिळालं नाही. नोक्लासडेफफाउंडएरर येते तेव्हा कोडमध्ये तो क्लास थेट वापरलेला असतो. कंपाइल करताना तो समोर होता, पण चालवताना नाही. अँड्रॉइडवर बरेचदा दुसरी एरर वर दिसते आणि तिच्या खाली ‘कॉज्ड बाय’ म्हणून पहिली असते. म्हणून पहिल्या लाल ओळीवर थांबू नका, सगळ्यात खालच्या ‘कॉज्ड बाय’पर्यंत जा.

तिथे तुम्हाला क्लासचं पूर्ण नाव मिळेल आणि पुढे ‘डेक्सपाथलिस्ट’ अशी एक लांबलचक ओळ. तिच्यात फोनने कोणकोणत्या एपीकेमध्ये शोधलं त्याची यादी असते. बरेच जण ही ओळ वाचतच नाहीत. पण चुकीची किंवा अर्धवट एपीके इन्स्टॉल झाली असेल तर ती इथेच पकडली जाते.

एक सापळा मात्र आहे. कधी कधी क्लास एपीकेमध्ये असतो, पण सुरू होतानाच त्याच्या स्टॅटिक कोडमध्ये गडबड होते. पहिल्यांदा ‘एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर’ येते आणि त्यानंतर तोच क्लास मागितला की नोक्लासडेफफाउंडएरर. तुम्ही दुसरी एरर बघून गायब क्लास शोधत बसता आणि खरं कारण लॉगमध्ये पन्नास ओळी वर पडलेलं असतं. थोडं वर स्क्रोल करून बघायची सवय लावून घ्या.

आता क्लासच्या नावाकडे बघा. तो क्लास तुमच्या स्वतःच्या पॅकेजमधला आहे, एखाद्या लायब्ररीचा आहे की खुद्द जावा-अँड्रॉइडचा? या एका प्रश्नाने अर्धी शक्यता तिथेच बाद होते.

नाव तुमच्याच पॅकेजचं असेल तर

डिबगमध्ये चालतं आणि रिलीजमध्ये पडतं, असं असेल तर पहिला संशय आर८वर. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या ३.४.० आवृत्तीपासून जुन्या प्रोगार्डच्या जागी हेच डिफॉल्ट आहे. डिबग बिल्डमध्ये छाटणी सहसा बंद असते, म्हणून दोष तिथे दिसतच नाही.

आर८ सुरुवातीच्या ठिकाणांपासून कोण कुणाला बोलावतं याचा माग काढतं आणि ज्यांना कुणीच बोलावत नाही ते क्लास काढून टाकतं. उरलेल्यांची नावंही बारीक करतं. हा हिशेब चुकतो तो क्लासचं नाव चालू अ‍ॅपमध्ये तयार होतं तेव्हा. समजा फी भरायच्या अ‍ॅपमध्ये सर्व्हरकडून ‘यूपीआय’ किंवा ‘कार्ड’ असा शब्द येतो, कोड त्याला ‘हँडलर’ जोडतो आणि त्या नावाचा क्लास उघडतो. आर८ला हे कळायला मार्ग नाही. त्याच्या नजरेत यूपीआय हँडलर हा कुणीच न वापरलेला कोड आहे.

याची खात्री करायला स्टुडिओच्या ‘बिल्ड’ मेनूमधलं ‘अ‍ॅनलाइझ एपीके’ वापरा. माझ्या मते या एररसाठी याच्याइतकं उपयोगी टूल नाही, आणि फुकट असूनही फार कमी विद्यार्थी ते उघडतात. एपीके त्यात टाका, डेक्स फाइलवर क्लिक करा, पॅकेज उलगडा. तिरक्या अक्षरात दिसणारी नावं म्हणजे त्या डेक्समध्ये फक्त उल्लेख आहे, प्रत्यक्ष क्लास नाही. तुमचा क्लास तिरका दिसत असेल तर तो दुसऱ्या एखाद्या डेक्समध्ये आहे का तेही पाहा. नावं ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी विचित्र दिसत असतील तर त्याच बिल्डची मॅपिंग फाइल लोड करा. ‘त्याच बिल्डची’ यावर जोर आहे, कारण कालच्या मॅपिंग फाइलने आजची नावं उलगडली तर उत्तर चुकीचं येतं. म्हणूनच टेस्टर्सना पाठवलेल्या प्रत्येक बिल्डची मॅपिंग फाइल जपून ठेवायची असते.

क्लास खरोखर छाटला गेला असेल तर त्याच्यावर ‘कीप’ हे अ‍ॅनोटेशन लावा किंवा प्रोगार्ड नियमांच्या फाइलमध्ये त्याच्यापुरता कीप नियम लिहा. सगळं पॅकेज कीप करून मोकळं होऊ नका. अ‍ॅप चालेल, पण ज्यासाठी छाटणी सुरू केली तो उद्देशच जातो.

जुन्या फोनवरच क्लास गायब होत असेल तर आणखी एक जुनं कारण आहे. एका डेक्स फाइलमध्ये जास्तीत जास्त ६५,५३६ मेथड्सचे संदर्भ मावतात. त्यापुढे दुसरी डेक्स लागते. अँड्रॉइड ५.० पासून फोन अनेक डेक्स स्वतःहून वाचतो, त्याआधीच्या फोनला वेगळी ‘मल्टिडेक्स’ लायब्ररी लागायची. आज इतके जुने फोन क्वचितच सापडतात, त्यामुळे इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांतला ‘मल्टिडेक्स चालू करा’ हा सल्ला आता सहसा लागू पडत नाही.

नाव लायब्ररीचं असेल तर

प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हा. कुणीतरी एका एसडीकेची एएआर फाइल पाठवतं, तुम्ही ती ‘लिब्ज’ फोल्डरमध्ये टाकता, कंपाइल होतं, आणि चालवल्यावर भलत्याच लायब्ररीचा क्लास सापडत नाही म्हणून अ‍ॅप पडतं. कारण साधं आहे. मेवन रिपॉझिटरीतून लायब्ररी घेतली की ‘मला आणखी या या लायब्ररी लागतात’ ही यादीही सोबत येते. नुसत्या एएआर फाइलसोबत ती यादी येत नाही. एसडीकेच्या माहितीपत्रकात दिलेल्या सगळ्या डिपेन्डन्सी मग हाताने जोडाव्या लागतात.

दुसरं कारण ‘कंपाइलओन्ली’. डिपेन्डन्सी अशी जोडली की कंपायलरला ती दिसते, पण एपीकेमध्ये जात नाही. शब्दाचा अर्थच तो आहे, तरी कुठूनतरी ओळ कॉपी करताना ती तशीच येते.

तिसरं कारण म्हणजे व्हर्जनचं भांडण. दोन लायब्ररींना तिसऱ्या एकाच लायब्ररीची वेगवेगळी व्हर्जन हवी असतात. ग्रेडल सहसा त्यातलं वरचं व्हर्जन निवडतं. नव्या व्हर्जनमधून एखादा क्लास काढलेला असेल तर जुन्यावर विसंबलेली लायब्ररी उघडी पडते. ग्रेडलची ‘डिपेन्डन्सीज’ कमांड पूर्ण झाड दाखवते आणि ‘डिपेन्डन्सीइनसाइट’ एका लायब्ररीपुरतं सांगते की हे व्हर्जन कुणामुळे आलं.

लायब्ररीचा क्लास नसेल तर कधी आर८ बिल्ड करतानाच अडवतं आणि ‘मिसिंग क्लास’ असं म्हणतं. ग्रेडल प्लगइन ७.० पासून ही नुसती वॉर्निंग राहिलेली नाही, बिल्डच थांबतो. सोबत ‘मिसिंग रूल्स’ नावाची फाइल तयार होते, तिच्यात ‘डोन्टवॉर्न’ असे आयते नियम असतात. ते डोळे झाकून पेस्ट करणं हा सध्याचा लोकप्रिय उपाय आहे आणि मला तो धोकादायक वाटतो. डोन्टवॉर्नने क्लास परत येत नाही, फक्त तक्रार बंद होते. तो क्लास खरंच कधीच लागणार नसेल तर ठीक, नाहीतर तुमच्या कॉम्प्युटरवर दिसलेली एरर तुम्ही टेस्टरच्या फोनवर ढकललेली असते.

‘क्लीन’ आणि ‘रिबिल्ड’ हा घरगुती उपाय सगळेच करतात. जुन्या बिल्डचे अवशेष अडकले असतील तर तो लागू पडतो. दोनदा करूनही एरर तीच असेल तर तिसऱ्यांदा करू नका.

नाव जावा किंवा अँड्रॉइडचं असेल तर

इथे एपीकेमध्ये काही हरवलेलं नसतं, फोनमध्येच तो क्लास नसतो. ठळक उदाहरण म्हणजे ‘लोकलडेट’ वगैरे तारखांचे क्लास. ‘जावा.टाइम’ पॅकेज अँड्रॉइडमध्ये ८.० पासून, म्हणजे एपीआय लेव्हल २६ पासून आलं. तुमच्या नव्या फोनवर अ‍ॅप चालतं आणि मित्राच्या अँड्रॉइड ७ वर नोक्लासडेफफाउंडएरर येते. ‘कोअर लायब्ररी डीशुगरिंग’ चालू केलं की हे क्लास अ‍ॅपसोबतच जातात.

उलटही होतं. अपाचेचे जुने एचटीटीपी क्लास पूर्वी फोनमध्येच असत. अँड्रॉइड ९ ला टार्गेट केलेल्या अ‍ॅपला ते आपोआप मिळत नाहीत, मॅनिफेस्टमध्ये त्या जुन्या लायब्ररीचं नाव लिहून मागावे लागतात. म्हणून अशी एरर एकाच फोनवर येत असेल तर अँड्रॉइडचं व्हर्जन आधी बघा.

फक्त टेस्ट चालवतानाच येत असेल तर

फोनवर चालणाऱ्या टेस्टसाठी दोन एपीके बनतात, एक अ‍ॅपची आणि एक टेस्टची. टेस्ट सुरूच होत नाही आणि ‘अँड्रॉइडजेयुनिटरनर’ सापडत नाही असं लॉग म्हणत असेल, तर दोन गोष्टी तपासा. ग्रेडल फाइलमधल्या रनरच्या नावात जुनं ‘अँड्रॉइड.सपोर्ट’ राहिलंय का, ते आता ‘अँड्रॉइडएक्स’ हवं. आणि रनरची डिपेन्डन्सी ‘अँड्रॉइडटेस्टइम्प्लिमेंटेशन’ म्हणून जोडली आहे का. ‘टेस्टइम्प्लिमेंटेशन’ फक्त कॉम्प्युटरवर चालणाऱ्या युनिट टेस्टसाठी असतं, फोनवरच्या टेस्टला ते दिसत नाही.

याहून चकवणारा प्रकार छाटलेल्या बिल्डवर टेस्ट चालवताना दिसतो. अ‍ॅप आणि टेस्ट दोघांना लागणारी लायब्ररी टेस्टच्या एपीकेमध्ये पुन्हा भरली जात नाही, ती अ‍ॅपमधूनच घेतली जाते. पण आर८ने अ‍ॅप छाटताना टेस्टचा विचार केलेला नसतो. अ‍ॅपला नको असलेला, पण टेस्टला हवा असलेला कॉटलिनचा एखादा क्लास उडून जातो आणि टेस्ट पडते. अ‍ॅपमध्ये खोट नसतेच. अशा वेळी टेस्ट बिल्डसाठी वेगळी नियम फाइल ठेवून तेवढे क्लास कीप करा. रिलीजच्या नियमांत ते मिसळू नका.

तुम्ही कोड लिहीत नाही, फक्त टेस्टर आहात?

मग आधी एवढं पाहा की अ‍ॅप कुठून आलं. आता प्ले स्टोअर बऱ्याच अ‍ॅप्स तुकड्यांमध्ये पाठवतं, मुख्य एपीके आणि तुमच्या फोनपुरते इतर भाग. मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त मुख्य एपीके पाठवली तर उरलेले भाग येतच नाहीत आणि अ‍ॅप पडू शकतं. ते काढून टाका आणि डेव्हलपरने दिलेल्या लिंकवरूनच घ्या.

तरीही पडत असेल तर ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढंच लिहू नका. अ‍ॅपचं व्हर्जन, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन, आणि कोणत्या बटणानंतर बंद पडलं ते लिहा. आधीच्या व्हर्जनवर तेच बटण चालत होतं का, हेही सांगा. डेव्हलपरला लॉग हवा असेल तर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स चालू करा, तिथे बग रिपोर्टचा पर्याय आहे. त्या फाइलमध्ये तुमच्या फोनमधल्या इतर अ‍ॅप्सची आणि अकाउंटची माहितीही असू शकते, म्हणून ती ग्रुपवर टाकू नका, थेट डेव्हलपरलाच पाठवा.