शेजारी कोण बसले होते? कॉफीगृहे, हाटेलं आणि आपला जिल्हा



मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आम्ही घरी घेऊन गेलो. तिने इंग्लंडमधल्या जुन्या शहरांवरचे एक पुस्तक वाचले होते. त्यात लंडन, ऑक्सफर्ड, यॉर्क यांच्या प्रकरणांत तिथल्या खानावळी, पब आणि कॉफीगृहे होती. कोण कुठे बसत असे, काय पीत असे, कशावरून भांडत असे. तिचा प्रश्न सरळ होता. "सर, आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात सिंदखेडराजा आहे, लोणार आहे, मेहकर आहे. पण माणसं घराबाहेर कुठं खात होती, कुठं चहा पीत होती, हे कुठंच का नाही?" आम्ही "शेगावची कचोरी आहे की!" असं म्हणून सभागृह हसवलं आणि सुटका करून घेतली. शिक्षकाने असं करू नये. आज ते देणं फेडतो.

आधी इंग्लंड पाहू. १६५० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये कॉफीगृह निघाले. १६५२ साली लंडनच्या कॉर्नहिल भागात पास्क्वा रोझे नावाच्या माणसाने कॉफी विकायला सुरुवात केली. हा इंग्रज नव्हे. तुर्की मुलखाशी व्यापार करणाऱ्या एका सौदागराचा नोकर म्हणून तो लंडनला आला होता. त्याच्यामागून अशी कितीतरी दुकाने निघाली. रीत सोपी होती. एक पेनी द्यायची, आत जायचं आणि लांब बाकावर जागा दिसेल तिथं बसायचं. शेजारी वकील असेल, छापखानेवाला असेल, एखादा सरदारही असेल. एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजांच्या बातम्या मिळत, म्हणून विम्याचा धंदा करणारे तिथं बसू लागले; विम्यातली आजची 'लॉइड्स' तिथून निघाली. दुसरा चार्ल्स राजा या बडबडीला इतका धास्तावला, की १६७५ च्या डिसेंबरात त्याने कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला. लोकांनी एवढा गलका केला, की काही दिवसांतच त्याला तो मागे घ्यावा लागला.

हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञाने १९६२ साली या कॉफीगृहांवर एक मोठा विचार उभा केला. माणूस कोण आहे हे दाराबाहेर ठेवायचं आणि तो काय बोलतो तेवढंच तोलायचं, अशी सवय युरोपला जिथं लागली त्या जागांपैकी ही एक, असं त्याचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल. त्याचं इंग्रजी भाषांतर १९८९ साली आलं आणि पुढं आम्ही ते वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवलं. त्यात खोट आहे, तीही सांगत असू. त्या बाकावर बायका गिऱ्हाईक म्हणून सहसा नसत, आणि ज्याच्या खिशात पेनीच नाही त्याचं काय? पण पेनी दिली की बाक मिळे, एवढं मात्र खरं होतं. हा मुद्दा धरून ठेवा. शेवटी तो लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या जुन्या गावांत विकत जेवण्याची जागा फारशी का सापडत नाही? लोक प्रवास करत नव्हते असं नाही. यात्रा होत्या, लमाणांचे तांडे होते, फौजा तर नित्याच्याच. पण शिजवलेलं अन्न विकणं हे हलकं, काहींच्या मते पापाचंच काम मानलं जाई. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे कोणी शिजवलं, कोणाच्या विहिरीचं पाणी, पंगतीत शेजारी कोण. म्हणून प्रवासी शिधा बांधून निघे, धर्मशाळेत किंवा झाडाखाली तीन दगड मांडून आपली चूल वेगळी पेटवी. छप्पर सगळ्यांचं एक, चुली मात्र ज्याच्या त्याच्या. आमच्या विद्यार्थिनीला तिच्या पुस्तकातलं ते प्रकरण इथं सापडणार नाही, याचं निम्मं उत्तर या चुलीत आहे.

शेगावचंच पाहा. गजानन महाराज १८७८ साली तिथं प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाताना. आणि पाणी प्यायले ते गुरांसाठी ठेवलेलं. दासगणूंच्या 'श्रीगजानन विजय' पोथीत हा प्रसंग आहे, तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. भक्त त्यात अवलियाची लीला पाहतात. आम्ही इतिहासाच्या बाजूने एवढंच म्हणू, की उष्टं आणि पाणी यांचे नियम किती कडक होते, हे ठाऊक असलेल्या गावालाच त्या प्रसंगाचा धक्का बसू शकतो.

हे नियम पहिल्यांदा खिळखिळे केले ते रेल्वेने. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचं लक्ष इकडं वळलं. मलकापूर, नांदुरा, शेगाव करत गाडी १८६७ साली नागपूरला पोचली; १८७० साली जलंबपासून खामगावला फाटा निघाला, कशासाठी, तर कापसाच्या गाठींसाठी. गाठींबरोबर माणसंही आली. कच्छी, मारवाडी, गोरे अडते, हमाल, कारकून. घरापासून दूर असलेला एवढा माणूस एका गावात आला की त्याला कुणीतरी विकत खाऊ घालणारा लागतोच.

पण फलाटावर भेद उतरला तो उतरलाच. 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशा हाका स्वातंत्र्यापर्यंत हिंदुस्थानभर स्थानकांवर ऐकू येत. पाणी द्यायला माणसं वेगळी, भांडी वेगळी. डबा मात्र एकच, आणि धक्काबुक्कीही एकच!

कचोरीकडे आता गंभीरपणे बघू. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने शेगाव स्थानकावर ती विकायला सुरुवात केली. मैद्याची पारी, आत डाळीचं तिखट सारण, वर तळलेली मिरची. घराणं निर्वासित, पदार्थ उत्तरेकडचा आणि नाव मात्र आमच्या गावाचं झालं. ती इतकी चालली याला चव कारण आहेच. पण आणखी एक गोष्ट तिच्या बाजूने होती, असं आमचं मत आहे. तळलेल्या पदार्थाला विटाळ कमी, हा जुना समज. भात-भाकरी परक्याच्या हातची चालत नसे, तिथं तळणाचं चालून जाई. शिवाय ती कागदावर मिळते, उभ्याने खाता येते आणि कागद फेकून देता येतो. ताट नाही, पंगत नाही, शेजारी कोण हा प्रश्नच नाही. तेव्हा कचोरीने नियम मोडला, असं म्हणायला आम्ही धजावणार नाही. ती नियमाच्या बाजूने हळूच निसटली.

निसटता आलं नाही ते चहाला, कारण चहाला कपबशी लागते. ती परत येते आणि दुसऱ्याच्या ओठाला लागते.

पुण्यात १४ ऑक्टोबर १८९० ला पंचहौद मिशनमध्ये काही नामवंत मंडळी व्याख्यानाला जमली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. पाद्र्यांच्या घरचा चहा पुढे आला. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली. ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांसारख्या न्यायाधीशाने अखेर प्रायश्चित्त घेतलं. एका कपाने पुण्यातली सुधारणेची सगळी फळी दोन वर्षं हैराण करून सोडली. या गोष्टीला आपण हसतो. हसण्याआधी एक लक्षात घ्या, ती सगळी माणसं सभेच्या आत, खुर्चीवर बसलेली होती.

खुर्ची ज्याला नव्हतीच त्याची गोष्ट कोल्हापूरची आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकर. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगून मदत दिली. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज गाडी तिथं थांबवून स्वतः चहा घेऊ लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. लंडनमध्ये पेनीवर जे काम भागलं, त्याला इथं छत्रपतींनी जातीने रस्त्यावर यावं लागलं.

पुढं १९५० साली राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तिथं जात, धर्म, लिंग यांवरून कुणाला अडवता येणार नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा तर भांड्यांपर्यंत पोचतो. हॉटेलात, धर्मशाळेत सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरला. जगातल्या किती कायद्यांना कपबशीची अशी दखल घ्यावी लागली असेल?

आता आमचं. १९६१ सालचा हिवाळा असेल, आम्ही अकरा वर्षांचे. कापसाच्या बंड्या घेऊन रात्रीच खामगावकडे निघायचं, पहाटे बाजार गाठायचा. बंडी हाकायला घरचे सालदार. वय पन्नाशीचं, आणि आम्ही त्यांना अरे-तुरे करत होतो. वाटेत एका गावच्या हाटेलात चहासाठी थांबलो. आम्हाला बाकावर बसवलं, कपबशी आली. सालदारांनी बाहेर तट्ट्यात खोचलेला कान तुटलेला कप काढला, विसळला आणि पुढं धरला. हाटेलवाल्याने वरून चहा ओतला. ते चाकाला टेकून प्यायले, कप पुन्हा विसळून होता तिथं खोचला. दोन्ही चहाचे पैसे आमच्याच हातून दिले गेले, आणि दोन्हींचे सारखेच. कायद्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. हे खरं सांगायला हवं. बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' चळवळ १९७२ ला सुरू झाली, तेव्हा आम्ही कॉलेजात तिच्या बाजूने तावातावाने बोललो, तरी तो कप आठवला नाही. आठवला तो हाबरमास शिकवताना. 'एक पेनी दिली की कोणालाही बाकावर जागा', हे वाक्य फळ्याकडे पाठ करून बोलत होतो आणि मध्येच थांबलो. मुलांना वाटलं, सर मुद्दा विसरले.

त्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा सालदारांना भेटायला गेलो. ऐंशीच्या घरात होते, ऐकायला कमी येत होतं. या वेळी 'तुम्ही' म्हणालो, तेही जिभेला सवय नसल्यासारखं. त्या हाटेलची आठवण काढली. विचारलं, तुम्हाला त्या वेळी काय वाटत होतं? त्यांनी बराच वेळ आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमाले दिसत नव्हतं काय, बापू?" मग यंदा कापसाला काय भाव लागला, ते विचारू लागले.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. तुमच्या पुस्तकातल्या प्रकरणासाठी सामान आपल्याकडे भरपूर आहे, पण ते गॅझेटियरमध्ये मिळणार नाही. साठीच्या पुढच्या माणसांना विचारावं लागेल. आणि बाकावर बसून चहा प्यायलेल्यांना शेवटी विचारा. आधी बाहेर उभं राहून प्यायलेल्यांकडे जा.